दारापासून चुलीपर्यंत

शुमदो
पाचव्या महिन्यातली दशमी

नोर्फेल,

काळीचा पाय बरा आहे. तू विचारलं नाहीस, पण विचारलं असतंस तर पहिलं हेच विचारलं असतंस, म्हणून आधी सांगून टाकते. हिवाळ्यात पुढच्या खुराला चीर पडली होती. लोणी कढवून रोज भरत राहिले. आता चढावर ती पुन्हा सगळ्यांच्या पुढे असते. फक्त मुकी चालते. घोडी ठेवून गेलास आणि तिच्या गळ्यातली घंटा तेवढी घेऊन गेलास, याचं मला कधी हसू येतं, कधी राग येतो. या घरात आलास तेव्हा तुझ्या स्वतःच्या अशा त्या दोनच गोष्टी होत्या.

हे पत्र लामा थुक्चे आणतील. ते उद्या खिंडीपलीकडच्या गोंपाला निघालेत. त्यांनीच सांगितलं, तुझा चहाचा तंबू नदीच्या वळणावर आहे, चहा चांगला असतो, पण सत्तूत खडे लागतात. चाळून घेत जा. चाळणी नसेल तर फडकं वापर.

तू गेलास तेव्हा मला काही सांगितलं नाहीस. मागच्या सुगीच्या जेवणाच्या दिवशी मी खालच्या वाड्याला बाळंतिणीपाशी होते. आपल्याच देवाच्या भावकीतलं घर, जावंच लागलं. परत आले तर चुलीवरची मोठी भांडी अजून घासायची होती आणि तुझा कोट खुंटीवर नव्हता. पुढं जे कळलं ते लोकांकडून, तुकड्या-तुकड्यानं. चुलीच्या डोक्याशी अबा बसले होते, त्यांच्या खाली तू, खिंडीपलीकडून आलेला त्यांचा घरजावई. मग माझा चुलतभाऊ पलदन मास्तर आला आणि अबा तुला म्हणाले, ‘पलीकडच्या, सरक जरा खाली.’ तू सरकलास. मग गावाचा कारभार बघणारे गोबा आले, मग त्यांचा भाऊ, मग गिरणीवाले. जो आला तो रीतीप्रमाणे आधी दाराशी टेकला, ‘इथंच बरंय’ म्हणाला, आणि प्रत्येकाला कुणी ना कुणी बाही धरून वर ओढलं. दर वेळी तू एक जागा खाली. शेवटी तू दारातल्या जोड्यांपाशी पोचलास, आणि तुझी बाही धरायला कुणी उठलं नाही.

शेजारची अचे पुंत्सोक हे सांगताना हसत होती. म्हणाली, ‘अगं, तुझा नवरा असाच सरकत राहिला असता ना, तर खिंड ओलांडून गेला असता.’ मग तिच्याच लक्षात आलं की तू खरंच खिंड ओलांडून गेलास. ती मला एक वाटी दही देऊन गेली.

मी पुष्कळ विचार केला यावर. मी या घरात जन्मले. मला कधी बसायची जागा शोधावी लागली नाही. खरं तर मला जागाच नाही, मी त्या रांगेसमोर कायम उभी असते, हातात किटली घेऊन. उभ्या माणसाला रांग वेगळी दिसते. वरची टोकं दिसतात, पेले दिसतात, कुणाचा रिकामा झालाय ते दिसतं. दाराकडं पाठ असते. तुझ्याजागी बसून पाहावं म्हणून एकदा, घरात कुणी नसताना, मी जोड्यांपाशी जाऊन बसले. तिथं थंडी वाजते. दाराखालून वारा येतो हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

यांग्झोम विचारते तू कधी येणार. मी सांगते, काम संपलं की. ती म्हणते, चहा कधी संपतो का? लेक आजोबांवर गेली आहे.

अबा बरे आहेत. उन्हाळा लागल्यापासून धाकट्या घराचं छप्पर शाकारत बसलेत. जुनी पॉप्लरची लाकडं काढली, नवी घातली, वर विलोच्या काड्या, वर माती. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाले, ‘गवत ठेवायला.’ आपल्या लग्नाच्या वर्षीच त्यांनी तिथं राहायला जायचं होतं, जसे सगळ्यांचे आईबाप जातात. त्या वर्षी अमा गेली, आणि ते राहूनच गेलं. तेव्हा ते गेले असते, तर चुलीजवळची जागा तुझी झाली असती आणि तुला सरक म्हणायला कुणाची जीभ उचलली नसती. हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. अबांनाही ठाऊक असावं.

सुगीच्या आधी ये, असं मी लिहिणार नाही. पण सुगी येतेच आहे. त्या दिवशी सगळं गाव पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात बसेल, आणि त्या रांगेत तू नसलास तर मग पुढं कधीच नसशील, असं गाव धरून चालेल. मी काय धरून चालू, ते मला ठरवता येत नाही.

परवा दोन बंगाली बहिणींना घेऊन निघते आहे. मार्पो ला खिंड ओलांडून गाडीरस्त्यापर्यंत. शिप्रादीदी आणि कृष्णादीदी, दोघी साठीच्या पुढच्या, दोघींच्या डोक्याला माकडटोप्या. तुझा तंबू वाटेतच लागतो, पण ते काही मी ठरवलेलं नाही. त्यांनाच हा रस्ता हवा होता. घोड्यांमागं कोण येणार ते अजून ठरायचंय.

सत्तू चाळ.

कुन्झेस


नदीकाठचा मुक्काम
त्रयोदशी

नोर्फेल,

हे पत्र न्यायला कुणी नाही. जो भेटतो तो समोरून येतो आहे, तुझ्या बाजूला कुणीच चाललेलं नाही. तरी लिहिते. लिहून कोटाच्या घडीत ठेवते.

दुपारी नदी फुगली म्हणून अलीकडंच थांबलो. सकाळी पाणी उतरलं की ओलांडू. दीदींना वाटलं मी त्यांना म्हातारं समजून थांबले. शिप्रादीदी म्हणाली, ‘आम्ही पद्मा नदीच्या काठी वाढलोय, हा ओढा काय!’ मग तिनं पाण्यात हात घातला आणि लगेच काढून काखेत दाबला. 

घोड्यांमागं अबा आले आहेत.

निघायच्या सकाळी मी काळीवर खोगीर घालत होते, तर अबा पायांत बूट घालून, कमरेला दोर गुंडाळून उभे.

‘तुम्ही कुठं?’

‘घोड्यांबरोबर.’

‘आणि गुडघा?’

‘तोही येतोय माझ्याबरोबर.’

झालं. एवढंच बोलणं. यांग्झोमला अचे पुंत्सोककडं ठेवलं आहे. तिनं आजोबांना विचारलं, परत कधी येणार? ते म्हणाले, काम संपलं की. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की या घरात सगळे एकच खोटं बोलतात वाटतं.

त्यांच्याबरोबर एक गुंडाळी आहे. घोंगडीत लपेटलेली, याकच्या दोरानं करकचून बांधलेली. काळीवर तेच चढवतात, तेच उतरवतात, मला हात लावू देत नाहीत. झोपताना उशाला घेतात. कृष्णादीदीनं विचारलं, ‘बाबा, यात काय आहे?’ तर म्हणाले, ‘गवत.’ या वर्षी त्यांच्या सगळ्याच गोष्टींत गवत आहे. आज चालताना मी विचारलं, गवताच्या खोलीत चूल कशाला बांधलीत? कारण बांधली आहे, मी डोकावून पाहिलंय, नवी कोरी, धुराड्यासकट. म्हणाले, ‘गवत थंडीनं आखडतं.’

दीदींनी अजून एक विचारलं. ‘तुझा नवरा काय करतो गं?’

‘चहा करतो,’ मी म्हणाले.

‘आणि?’

‘सत्तू पण.’

मागून अबा म्हणाले, ‘आणि रुसतो.’

मला वाटलं आता मी काहीतरी बोलणार. पण शिप्रादीदीच म्हणाली, ‘सगळेच रुसतात हो. आमचे तर जाऊन सात वर्षं झाली, अजून फोटोत तोंड वाकडंच.’ अबा हसले. खूप दिवसांनी हसले, आणि हसता हसता गुडघा धरून दगडावर बसले. मग खाली पाहून म्हणाले, ‘रुसायला कारण लागतं, पोरी. बिनकारणानं रुसणारा असता, तर पहिल्याच वर्षी गेला असता.’ आणि उठून घोड्यांना हाका मारायला लागले.

यातून मी काय समजायचं होतं? मी पुढं चालत राहिले.

आणखी एक. मागच्या पत्रात मी लिहिलं की हा रस्ता दीदींनी निवडला. तसं नाही. त्यांना खालच्या वाटेनं जायचं होतं. मीच सांगितलं की तिकडचा पूल वाहून गेला. पूल जागेवर आहे. अबांनी ते ऐकलं होतं, तिथंच बसून ते पट्टे शिवत होते, आणि त्यांनी मान डोलावली. म्हणाले, ‘हो, वाहून गेला. मी पाहिला जाताना.’

कुन्झेस


खिंडीच्या पलीकडे
पौर्णिमा

नोर्फेल,

आम्ही खिंड ओलांडली. आधी हे.

काल सकाळी खिंडीखालून निघालो तेव्हा आभाळ निळं होतं. दगडांच्या उतारावर दीदी दहा पावलं चालायच्या आणि थांबायच्या. कृष्णादीदी प्रत्येक थांब्याला एक देव आठवायची. वर पताका दिसायला लागल्या तेवढ्यात ढग खाली आला. तुला तो ढग माहीत आहे, घोंगडी टाकल्यासारखा. मग बर्फ, बारीक, आडवं. माझा हात मला दिसत होता, हाताच्या पुढचं काही नाही.

मी दीदींना पताकांच्या ढिगाशी बसवलं आणि घोडी मोजायला गेले, तर काळी नव्हती. ती पुढं निघून गेली होती, सवयीनं. आणि तिच्या मागं बाकीच्यांनी कसं जायचं? गळ्यात काही वाजतच नाही. एक डावीकडं तोंड करून उभं, एक उजवीकडं. तू घंटा नेलीस तेव्हा मला ती आठवणीची वस्तू वाटली होती. ती कामाची वस्तू होती, हे काल कळलं.

अबांनी माझ्या पाठीवरची किटली काढून घेतली, पिशवीतून पळी घेतली आणि बडवत निघाले. मी म्हणाले, ‘थांबा, मी जाते.’ ते म्हणाले, ‘तू बायकांपाशी थांब. काळीवर माझं ओझं आहे.’ आणि ढगात शिरले.

नोर्फेल, मी तिथं किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. किटली वाजत होती. मध्येच त्यांची हाक यायची, ‘हो काळी, हो हो!’ आवाज चिरकत गेला. मग नुसती किटली. मग तीही नाही. शिप्रादीदीनं माझा हात घट्ट धरला होता आणि ती बंगालीत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, आता जर हे परत आले नाहीत, तर मी नवऱ्याकडं कुठल्या तोंडानं जाणार आणि लेकीकडं कुठल्या.

आणि मग पुन्हा ठण ठण. जवळ. अगदी जवळ. अबा आले, एक हात काळीच्या आयाळीत, दुसऱ्या हातात एक कान तुटलेली किटली. भुवयांवर बर्फ. घसा पार बसलेला. ती त्यांना सापडली नव्हती, म्हणाले. तीच आवाज ऐकून आली होती.

मग आम्ही तसेच उतरलो. पुढं अबा किटली वाजवत, त्यांच्यामागं काळी, काळीमागं बाकीची, मग दीदी, शेवटी मी. ढग विरळ झाल्यावर मी पुढं त्यांच्यापाशी गेले, तर फाटक्या आवाजात ते बोलत होते. मला उद्देशून की स्वतःशी, कोण जाणे.

‘घंटा त्याचीच होती. नेली ते बरोबर केलं.’

थोडं चालले.

‘पण घोडीही त्याचीच. ती ठेवली.’

आणखी थोडं चालले.

‘ज्याला कायमचं जायचं असतं, तो असं अर्धंअर्धं करतो का?’

मी म्हणाले, ‘मला काय माहीत.’ पण खरं सांगू? हिवाळाभर रोज सकाळी खुरात लोणी भरताना मी स्वतःला हेच विचारत होते. अगदी याच शब्दांत. अबांच्या तोंडून ते ऐकताना पाय घसरता घसरता वाचला.

खाली मुक्कामावर ऊन आलं. ओझी भिजली होती, सगळं सोडून वाळत घालावं लागलं. अबांनी गुंडाळीचा दोर सोडायला घेतला, पण बोटं गारठली होती, गाठ सुटेना. मीच सोडली. त्यांनी अडवलं नाही.

आपला गालिचा आहे. चुलीजवळचा. निळा, ड्रॅगनवाला, ज्यावर ते मला कळायला लागल्यापासून बसतात आणि त्याआधी त्यांचे वडील, मेमे, बसायचे. आपल्या लग्नाच्या दिवशी ठिणगी उडून पडलेला तो जळका डागसुद्धा तिथंच. घरातून निघताना मी चुलीकडं पाहिलंच नव्हतं. पाहिलं असतं तर त्या जागी उघडी फळी दिसली असती.

मी तो गालिचा शेकोटीपाशी उलटा पसरला, डाग खाली जाईल असा, म्हणजे त्यांना वाटावं की मी ओळखला नाही. त्यांनाही कळलं की मी ओळखला. आम्ही दोघं शेकोटीला गोवऱ्या घालत बसलो. कृष्णादीदी म्हणाली, ‘गवत फार सुंदर आहे हो बाबा.’

उद्या दुपारपर्यंत तुझ्या तंबूत पोचू. म्हणजे ही दोन्ही पत्रं आणि मी, तिघं एकदमच. मला भीती वाटते आहे, हे लिहून ठेवते. तू काय करशील मला माहीत नाही. तुझा राग मला माहीत आहे, त्याला आवाज नसतो. एक म्हातारा खिंड ओलांडून आला, त्याला चहा दिला, पैसे घेतले, पेला विसळून ठेवला, असंही तू करू शकतोस. तसं केलंस तर मी तुला दोष देणार नाही. पण मग हा माणूस तो गालिचा परत पाठीवर टाकून ही खिंड पुन्हा चढेल, आणि ते मला बघवणार नाही. आणि त्यानंतर सुगीला तू येण्याचा प्रश्नच उरणार नाही.

त्यांचा घसा अजून बसलेला आहे. लसूण चावून खातायत.

कुन्झेस


गाडीरस्त्याचं टोक
पौर्णिमेनंतरची तृतीया

नोर्फेल,

दीदी पोचल्या. मोटार येईपर्यंत इथंच एका तंबूत आहोत. एक मेंढपाळ तुझ्याकडं निघालाय, त्याच्या हाती हे देते. आधीची दोन्ही पत्रं तुझ्या पिठाच्या डब्यावर, पेल्याखाली ठेवून आले होते. मिळाली असतील. सत्तू अजूनही चाळत नाहीस.

परवा दुपारी तू स्वतः तिथं होतास, तरी मला ते लिहायचं आहे. कारण तुझी पाठ होती. तू पाहिलं नाहीस ते मी पाहिलं. मी बाहेर घोड्यांचे पट्टे सोडत होते आणि तंबूचं दार उघडं होतं.

तू चुलीपुढं वाकून भाता मारत होतास. दीदी आत शिरल्या, तू मागं न बघता म्हणालास, ‘वर बसा, वर बसा.’ त्या बिचाऱ्या गेल्या. मग अबा आत आले. उभे राहिले. तुझ्या पाठीकडं पाहिलं, मग चुलीजवळच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. टोपी काढली. दाराशी लोकांचे जोडे अस्ताव्यस्त पडले होते, ते त्यांनी पायानं एका ओळीत केले, आणि त्या ओळीच्याही खाली, पाण्याच्या डब्याला टेकून बसले. अर्धे आत, अर्धे बाहेर. टोपी गुडघ्यावर. माझ्या हातातला पट्टा तसाच राहिला. मी त्यांना आयुष्यात कधी दाराशी बसलेलं पाहिलं नव्हतं. तिथं ते किती लहान दिसत होते.

तू म्हणालास, ‘दाराशी कोण? वर या.’

ते म्हणाले, ‘इथंच बरंय.’ त्या फाटक्या आवाजात. म्हणून तू ओळखलं नाहीस.

‘वारा येतो तिथं, वर या.’

‘इथंच बरंय.’

मग तू पळी ठेवलीस, वळलास, आणि जसं कुठल्याही पाहुण्याला करतात तसं, चेहरा न बघता, वाकून त्यांची बाही धरलीस. आणि मग पाहिलंस.

नोर्फेल, तू बाही सोडली नाहीस. एवढंच लिहायला मी हे पत्र घेतलं खरं तर. तू सोडू शकला असतास. चहा उतू चालला होता, त्या निमित्तानं सोडू शकला असतास. तुझी बोटं पांढरी झाली होती, पण ती तिथंच होती.

पुढचं तुझ्यासमोरच झालं, तरी लिहून ठेवते, यांग्झोमला वाचून दाखवायचं आहे.

तू म्हणालास, ‘अबा-ले, वर बसा.’

ते म्हणाले, ‘नको. मी पलीकडचा माणूस. इथंच ठीक.’

आणि तू म्हणालास, ‘आमच्याकडं पलीकडच्यांना वरच बसवतात.’

आणि ओढलंस. रीतीला म्हणून जेवढं ओढतात त्याच्यापेक्षा बरंच जोरात. ते रीतीला म्हणून जेवढं अडतात त्याच्यापेक्षा बरंच जास्त अडले. पाण्याचा डबा लवंडला. जोड्यांत पाणी गेलं. एका मेंढपाळाला वाटलं मारामारी सुरू झाली, तो उठून उभा राहिला. मी बाहेर काळीच्या मानेत तोंड खुपसून उभी होते, आणि मी हसत होते की दुसरं काय करत होते ते फक्त तिला माहीत.

चुलीपाशी पोचल्यावर त्यांनी मला हाक मारली, ‘पोरी, गवत आण.’ मी गालिचा आणला. त्यांनी तो स्वतः पसरला, चुलीच्या डोक्याशी, डाग तुझ्या बाजूला येईल असा. आणि स्वतः एक जागा खाली सरकले. ‘बस,’ म्हणाले.

तू बसेनास. ‘तुम्ही असताना?’

‘मी असतानाच. मी नसताना बसलास तर त्यात काय आहे?’

‘नाही अबा-ले, वर तुम्हीच.’

‘बस म्हणतो ना.’

त्यांनी तुझी बाही धरली, तू त्यांची. दोघं वाकलेले, दोघंही ‘नको, नको’ म्हणतायत, कुणीच सोडत नाही, आणि मध्ये तो निळा गालिचा रिकामा. शेवटी शिप्रादीदी, जिची सकाळपासून कंबर दुखत होती आणि जिला यातलं काही कळत नव्हतं, ती ‘आहा’ करून त्याच्यावर जाऊन बसली. मांडी घातली. पिशवीतून कुरमुरे काढले आणि म्हणाली, ‘घ्या ना.’

शुमदोची चुलीजवळची जागा. माझ्या पणजोबांपासूनची. तिच्यावर एक बंगाली बाई माकडटोपी घालून कुरमुरे खातेय. अबा तिच्याकडं बघत राहिले, मग तुझ्याकडं, आणि आधी कोण हसलं ते मला दिसलं नाही, कारण तेव्हा मी चहा उतरवायला धावले होते. तुम्ही दोघांनी तर तो करपवलाच असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दीदींचे बूट बांधत होते तेव्हा अबा म्हणाले, ‘मी इथं थांबतो. गुडघा थांब म्हणतोय.’ अख्खी खिंड ओलांडून आलेला गुडघा एका रात्रीत कसा बदलला, ते मी विचारलं नाही. पण नंतर, तंबूमागं तुम्ही दोघं लाकडं फोडत होतात ना, मला ऐकू येत होतं. तू विचारलंस, ‘छप्पर नवं घातलंत म्हणे धाकट्या घरावर. कोण राहणार?’

‘गवत.’

तू थोडा वेळ फोडत राहिलास. मग म्हणालास, ‘मग गवताला सकाळचा चहा कोण नेऊन देणार?’

अबा म्हणाले, ‘ज्याच्या चुलीवर होईल तो आणेल.’

पुढं फक्त कुऱ्हाडीचा आवाज.

मी तुझा निरोप घेतला, आणि आम्ही निघालो.  पुढच्या वळणाशी नदीचा आवाज कमी झाला आणि मागून घंटा ऐकू आली. मला वाटलं कुणाचा तरी तांडा येतोय. मी दीदींना कड्याच्या बाजूला घेतलं, घोडी थांबवली, वाट मोकळी केली. घंटाही थांबली. कुणी येईना. कृष्णादीदी म्हणाली, ‘अगं, कुणाची वाट बघतेस? तुझ्याच घोडीच्या गळ्यात वाजतेय.’

मी निघायच्या गडबडीत होते, तेवढ्यात कधी बांधलीस? आणि नवा पट्टा कुठून आणलास?

काळीची चाल बदलली आहे. मान उंच करून चालते, थोडी मिजासीनं. मागची घोडी न हाकता येतात. मी वाटभर एकच विचार करत होते. एक इकडं आणि एक तिकडं ठेवायचं, ही तुझी जुनीच खोड. या वेळी म्हातारा ठेवून घेतलास आणि घंटा पाठवलीस. मागच्या वेळेपेक्षा हा सौदा मला आवडला.

उद्या मोटार आली की दीदींना बसवून परत फिरते. तंबू आताच उतरवायचा की सुगीच्या तोंडावर, ते तू ठरव. आताच असेल तर दोऱ्या एकट्यानं सोडू नकोस, मी येईपर्यंत थांब. अबांना लसूण देत जा. आणि त्या वळणाशी घंटा वाजली की चहा टाक, म्हणजे मी पोचेपर्यंत होईल.

गालिचा उन्हात चांगला झटकून ठेव. दीदींचे कुरमुरे पार विणीत गेलेत. सुगीला तू त्यावर बसशील तेव्हा टोचायला नकोत.

कुन्झेस